हाथरसचं 'संगीत' की मिरजेचं 'कला विहार'? बदलापूरच्या एका ताईंच्या प्रश्नावरून

मंडळी, आज राजकारण नाही, पाणीकपात नाही, लोकलचं वेळापत्रकही नाही. जरा लांब पोस्ट आहे, चहा घेऊन बसा.

बदलापूर पूर्वेच्या एका ताईंनी इनबॉक्समध्ये विचारलं : "दादा, मुलगी या वेळी मध्यमाला बसतेय. क्लासचे सर म्हणतात हाथरसचं 'संगीत' लावा. सासरे म्हणतात मिरजेचं 'संगीत कला विहार' लावा. दोन्ही लावली तर वाचणार कोण? एकच सांगा." मी दोन ओळींत उत्तर देऊ शकलो असतो. पण हा प्रश्न एकट्या ताईंचा नाही. अंबरनाथ, बदलापूर आणि उल्हासनगर मिळून गाण्याचे, तबल्याचे, कथक-भरतनाट्यमचे क्लास किती आहेत, बघा. दर दुसऱ्या सोसायटीच्या गेटवर फलक. 'गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांची तयारी करून घेतली जाईल.' एवढी पोरं परीक्षा देतात, आणि संगीतावरचं मासिक आपल्या तीन शहरांत किती घरांत येतं? मी ज्यांना विचारलं त्या दहा-बारा पालकांपैकी एकाच घरात येत होतं, तेही आजोबांच्या नावावर.

म्हणून आधी दोन्ही मासिकांची ओळख करून देतो. नंतर माझं मत. पटलं नाही तर कमेंटमध्ये भांडा, तेवढ्यासाठीच ही पोस्ट आहे.

हाथरस म्हणजे उत्तर प्रदेशातलं गाव. हिंगासाठी ओळखलं जातं, आणि कविसंमेलनं ऐकणाऱ्यांना 'काका हाथरसी' या नावामुळे. हास्यकवी काका म्हणजे प्रभुलाल गर्ग. या माणसाने १९३२ साली हाथरसला संगीत कार्यालय काढलं आणि १९३५ पासून 'संगीत' हे हिंदी मासिक सुरू केलं. आपली मुलं ज्या 'संगीत विशारद' नावाच्या जाडजूड पुस्तकातून थिअरी पाठ करतात, ज्यावर लेखक म्हणून 'वसंत' असं छापलेलं असतं, ते वसंतही तेच. म्हणजे स्टेजवर लोकांना लोळवून हसवणारा माणूस आणि तानपुऱ्याच्या तारा कशा लावाव्यात हे पोरांना समजावणारा माणूस एकच. मला हे कळलं तेव्हा फार मजा वाटली होती.

'संगीत कला विहार' हे अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचं मासिक. मंडळ मिरजेचं, म्हणून लोक त्याला मिरजेचं मासिक म्हणतात. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. १९३१ मध्ये ते गेले आणि त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी मंडळ उभं केलं. मासिक आलं १९४७ साली, संपादक प्रोफेसर बी. आर. देवधर. फाळणीनंतर इकडे कल्याण कॅम्पात सिंधमधून आलेली कुटुंबं बराकीत संसार मांडत होती, त्या काळातलं हे मासिक. उल्हासनगर हे नाव आलं १९४९ ला, म्हणजे मासिक आपल्या उल्हासनगरपेक्षा दोन वर्षांनी मोठं.

आता मुद्द्यावर येऊ.

'संगीत' हे हाताशी ठेवायचं मासिक आहे. उघडलं की पहिली नजर जाते ती स्वरलिपीवर. राग, बंदिश, ताल, खाली मात्रांचे रकाने. जानेवारीत जाडा विशेषांक : कधी लोकसंगीतावर, कधी ठुमरीवर, कधी तालावर. हे विशेषांक लोक पुस्तकासारखे जपून ठेवतात. माझ्या तबल्याच्या गुरुजींकडे त्यांचा ढीग होता आणि त्याला हात लावायला आम्हाला परवानगी नव्हती. 'संगीत'मागे एक प्रकाशन संस्था आहे, तिला पुस्तकं विकायची आहेत आणि पोट चालवायचं आहे. त्यामुळे जो विकत घेतो त्याला काय लागतं याची तिला चांगली जाण. विद्यार्थ्याला बंदिश हवी, हार्मोनिअमवाल्याला धून हवी, शिक्षकाला परीक्षेआधी प्रश्नांची उत्तरं हवीत. मिळतात.

काही रसिक याला नाक मुरडतात. 'गाइड छाप' म्हणतात. मी म्हणत नाही. ज्या गावात गुरू नाही, तिथे पोस्टाने येणारा अंक हाच गुरू असतो. उत्तरेतल्या कितीतरी छोट्या गावांत असंच झालं असणार. आपल्याकडेही, वांगणी-शेलूच्या पुढे राहणाऱ्या पोराला आठवड्यातून एकदा क्लासला येणं जड जातं, त्याला लिहून दिलेली बंदिश म्हणजे मोठाच आधार.

दुसरा मुद्दा भाषेचा. आपल्याकडे मराठी-हिंदी म्हटलं की लोक बाह्या सरसावतात, म्हणून सांभाळून लिहितो. उल्हासनगरच्या क्लासमध्ये मराठी पोरांच्या शेजारी सिंधी, उत्तर भारतीय, गुजराती पोरं बसतात. त्यांच्या आईवडिलांना मराठी समजतं, पण चार पानांचा मराठी लेख ते वाचणार नाहीत. हाथरसचा अंक त्या घरात चालतो. कॅम्प चारमधल्या माझ्या एका सिंधी मित्राच्या वडिलांनी वर्षानुवर्षं तो लावला होता, फक्त भजनांच्या चाली बसवायला.

मग 'कला विहार' कशासाठी? माणसांसाठी.

देवधर मास्तर हा वेगळाच गृहस्थ. मूळचे मिरजेचे, विष्णु दिगंबरांचे शिष्य. बी.ए. झालेले, पाश्चात्त्य संगीतही शिकलेले. १९२५ मध्ये त्यांनी मुंबईत गिरगावला स्कूल ऑफ इंडियन म्युझिक काढलं. कुमार गंधर्व लहानपणी त्यांच्याकडे शिकले. पण मला गवयापेक्षा त्यांच्यातला बातमीदार जास्त आवडतो. मोठा उस्ताद मुंबईत आला की हे जाऊन भेटणार, गाणं ऐकणार, गप्पा मारणार, चीज मागणार, नाही दिली तर पुन्हा जाणार. सिंदे खाँसारखा फकिरी वृत्तीचा, लोक ज्याला वेडा समजायचे असा गवई. त्याच्यामागे ते चिकाटीने लागले आणि विद्या घेतली. गवई बोलतो कसा, चिडतो कशावरून, रियाझ कसा करतो, हे त्यांनी 'कला विहार'मध्ये लिहिलं. पुढे त्याचं 'थोर संगीतकार' हे पुस्तक झालं, त्याचा इंग्रजी अनुवादही झाला. पत्रकारितेच्या डिप्लोमात आम्हाला मुलाखत कशी घ्यावी यावर एक अख्खा पेपर होता. त्याऐवजी देवधरांचे चार लेख वाचायला दिले असते तरी चाललं असतं.

बघा फरक. हाथरसचा अंक सांगतो राग कसा गायचा. मिरजेचा अंक सांगतो तो राग ज्याने गायला तो माणूस कसा होता. मध्यमाच्या पोरीला पहिलं लागतं, खरं आहे. पण ती पंधराव्या वर्षी क्लास सोडणार की पुढे गात राहणार हे दुसऱ्यावर ठरतं, असं मला वाटतं. मी स्वतः तबला मध्यमा पूर्णपर्यंत केला. बोल विसरलो, पण थिरकवाँ साहेबांबद्दल वाचलेलं विसरलो नाही. आजही रेडिओवर त्यांचा तबला लागला की हातातलं काम थांबतं.

आता एक तांत्रिक गोष्ट. ती पालकांना कुणी सांगत नाही आणि पोरं मात्र त्यात गटांगळ्या खातात. स्वरलिपी आपल्याकडे दोन. एक भातखंड्यांची, एक पलुस्करांची. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब असलं की तो तार सप्तकातला, म्हणजे वरचा. पलुस्कर पद्धतीत डोक्यावर टिंब असलं की तो मंद्र, म्हणजे खालचा! वरच्या सप्तकासाठी तिथे उभी रेघ. भातखंडे कोमल स्वराखाली आडवी रेघ देतात, पलुस्कर त्याचा पाय मोडल्यासारखं चिन्ह देतात. भातखंडे समेला फुली मारतात आणि खालीला शून्य. पलुस्करांकडे समेला १ आणि खालीला अधिकची खूण. म्हणजे एकच टिंब बघून एका पुस्तकावरून पोरगी वरचा सा लावेल आणि दुसऱ्यावरून खर्जात जाईल. मंडळाच्या अभ्यासक्रमात दोन्ही पद्धती आहेत, पण क्लासमध्ये बहुतेक ठिकाणी भातखंड्यांचीच चालते, कारण लिहायला सोपी. तर ताई, कोणताही अंक हातात घेतला की आधी त्यातलं टिंब कुठे आहे आणि कुणाचं आहे ते सरांना विचारा.

यात एक गंमत दडली आहे. विष्णु नारायण भातखंडे हे वाळकेश्वरचे, पेशाने वकील, आणि 'हिंदुस्थानी संगीत पद्धति' हा त्यांचा मोठा ग्रंथ मूळ मराठीत. हिंदी मुलुखात तो घरोघरी गेला तो हाथरसच्या हिंदी आवृत्त्यांमुळे. आणि आज आपली मराठी पोरं भातखंड्यांची मतं हिंदीतून पाठ करतात. दुसरीकडे पलुस्कर कुरुंदवाडचे, त्यांनी विद्यालय काढायला गाठलं लाहोर. एक मराठी माणूस हाथरसच्या छापखान्यातून पसरला, दुसरा लाहोरमार्गे मिरजेला परत आला. दोघांच्या अनुयायांनी एकमेकांना पाण्यात पाहिलं, हेही तितकंच खरं. तो वाद फक्त टिंबाचा नव्हता. भातखंड्यांना शास्त्र नीट लावायचं होतं, पलुस्करांना गाणं सभ्य घरांत न्यायचं होतं, भजन-प्रार्थनेतून. दोन मासिकांच्या स्वभावात मला त्या दोघांचे स्वभाव दिसतात. फक्त अदलाबदल होऊन : पुस्तकी शिस्त हाथरसकडे गेली आणि माणसांची ओढ मिरजेकडे.

दोष दोन्हीकडे आहेत. 'संगीत'मध्ये कधीकधी लेख वाचताना वाटतं की हा आपण आधी वाचलाय, फक्त रागाचं नाव बदललंय. वादी, संवादी, समय, प्रकृती गंभीर. अहो, किती रागांची प्रकृती गंभीर असावी? 'कला विहार'ची अडचण वेगळी. ते परीक्षा घेणाऱ्या संस्थेचंच मुखपत्र. जी संस्था पेपर काढते तिच्याच मासिकात पेपर कसा होता यावर सडकून टीका येईल अशी अपेक्षा कुणी करू नये. कुठल्याच संस्थेच्या मुखपत्राकडून करू नये. आपल्या नगरपालिका स्वतःचं मासिक काढतील तर त्यात खड्ड्यांवर लेख येईल का?

टीका हवी असेल तर ती बाहेर शोधावी लागते, आणि मराठीत ती होती. केशवराव भोळे, प्रभातच्या 'कुंकू' आणि 'संत तुकाराम'चे संगीतकार, 'एकलव्य' नावाने गवयांवर लिहायचे. मोठ्या नावांनाही सोडायचे नाहीत. वामनराव देशपांडे यांनी १९६१ मध्ये 'घरंदाज गायकी' लिहिलं. पेशाने चार्टर्ड अकाउंटंट, पण घराण्यांचा हिशेब असा मांडला की त्यावर आजही वाद होतात. गवई नसलेला, पण कान तयार असलेला लेखक. ही जात दोन्ही मासिकांत कमीच दिसते आणि आपल्या वर्तमानपत्रांत तर संपलीच. स्थानिक पेपरात मैफलीची बातमी म्हणजे दीपप्रज्वलन कुणी केलं, शाल कुणी दिली आणि 'रसिक मंत्रमुग्ध'. मी या धंद्यात आहे, मला माहीत आहे ती बातमी किती मिनिटांत होते.

इंग्लंडमध्ये हे मासिकांचं भांडण फार जोरात चालायचं, ते थोडक्यात सांगतो. तिथे 'मेलडी मेकर' १९२६ साली निघालं, वाजवणाऱ्यांसाठी. बँडमध्ये ड्रमर हवा, गिटारवाला हवा अशा जाहिराती त्यात यायच्या. १९५२ मध्ये 'न्यू म्युझिकल एक्सप्रेस' आलं, म्हणजे एनएमई. त्यांनी दुकानांना फोन करून कोणती रेकॉर्ड किती खपतेय ते विचारलं आणि देशातली पहिली खपाची यादी छापली. एक वाजवणाऱ्यांचं, एक ऐकणाऱ्यांचं. पुढे दोन्ही एकाच कंपनीच्या छपराखाली आली, तरी एकमेकांवर गुरगुरत राहिली आणि पोरं गुरुवारची वाट बघत दोन्ही विकत घ्यायची. मग हळूहळू दोघं एकसारखीच दिसायला लागली. २००० साली 'मेलडी मेकर' एनएमईत विलीन झालं, २०१५ मध्ये एनएमई फुकट वाटायला लागले, २०१८ मध्ये छापील साप्ताहिक बंद. इंटरनेटने मारलं असं सगळे म्हणतात. माझं मत, वेगळेपण सोडलं तेव्हाच अर्धं मेलं होतं. हाथरस आणि मिरज एकसारखी नाहीत हे म्हणून मला बरंच वाटतं.

आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते. शास्त्रीय कलेच्या परीक्षा दिलेल्या मुलांना दहावीत वाढीव गुण मिळतात. निर्णय चांगला आहे. गावाकडच्या, चाळीतल्या पोरांनाही आईवडील क्लासला घालू लागले, हा त्याचाच परिणाम. पण दुसरं टोकही बघा. सातवी-आठवीतलं पोर सलग परीक्षा देत सुटतं, दहावीचा अर्ज भरून झाला की तबला माळ्यावर. मी अशा घरांत गेलोय. हार्मोनिअमवर इस्त्रीचे कपडे ठेवलेले असतात. त्या पोराला विचारलं की तू कुणाचं गाणं ऐकतोस, तर ते आईकडे बघतं. प्रमाणपत्र फ्रेममध्ये, गाणं बाहेर. यात पोराचा दोष नाही. त्याला गाण्याबद्दल कुणी गोष्टच सांगितली नाही.

आणि आपल्या तीन शहरांत गाण्याला पैसा नाही असं कुणी म्हणू नये. अंबरनाथला शिवमंदिर आर्ट फेस्टिवलला तोबा गर्दी होते, मोठमोठे कलाकार येतात. नवरात्रात, गणपतीत, दिवाळी पहाटेला आपल्याकडे ध्वनिक्षेपकाचं भाडं किती जातं हे मंडपवाल्यांना विचारा. शेजारच्या कल्याणला गायन समाज १९२६ पासून उभा आहे, सार्वजनिक वाचनालय तर १८६४ पासून. आपल्याकडे बदलापूरला ग्रंथसखा आहे, जिथे जुनी मराठी पुस्तकं आणि नियतकालिकं जपून ठेवली आहेत, आणि बाहेरगावचे अभ्यासक तिथे येतात. आपल्यातले किती जण गेलेत? पैसा आहे, हौस आहे, जागाही आहे. वर्षभराची दोन मासिकं लावणं एवढंच राहून जातं.

माझी मागणी छोटी आहे. तिन्ही शहरांत जी अनुदानित वाचनालयं आहेत, १९६७ च्या कायद्याखाली ज्यांना अ, ब, क, ड वर्ग मिळालेत, त्यांनी टेबलावर ही दोन मासिकं ठेवावीत. स्पर्धा परीक्षेची मासिकं ठेवता ना, तशीच. उल्हासनगर महापालिका आणि दोन्ही नगरपरिषदांच्या अभ्यासिकांतही ठेवता येतील. नगरसेवकांना विनंती, एका स्वागत कमानीचा खर्च इकडे वळवा, दहा वर्षांची वर्गणी भरून उरेल. आणि क्लासचालक गुरुजी-बाई, महिन्याचा एक तास रियाझाला सुट्टी द्या. एका मुलाने एक लेख मोठ्याने वाचावा, बाकीच्यांनी ऐकावा, मग त्यातल्या गवयाचं रेकॉर्डिंग मोबाइलवर लावावं. आता तर सगळं यूट्यूबवर आहे. देवधरांच्या वाचकांना ते सुख नव्हतं. त्यांना लेख वाचून गाणं कल्पनेनेच ऐकावं लागायचं.

दोन्ही मासिकांना एक सूचनाही करतो, ते ही पोस्ट वाचतील अशी आशा नाही तरी. सकाळच्या बदलापूर लोकलमध्ये भजनी मंडळी बसतात. हातात टाळ, ताल धरायला डब्याची भिंत. त्यातले बुवा एखाद्या अभंगाची चाल कुठल्या रागात आहे हे सांगत नाहीत, पण कुणी एक सूर चुकवला की ठाकुर्लीला थांबवून पुन्हा म्हणायला लावतात. यांच्यावर एक नीट लेख यावा, चालींच्या स्वरलिपीसकट. मी लिहायला तयार आहे. स्वरलिपी दुसऱ्या कुणीतरी करावी लागेल, ते माझं काम नव्हे.

तर ताईंना उत्तर. लेक मध्यमाला आहे तोवर सरांचं ऐका, हाथरसचा अंक लावा, बंदिशी आणि ताल त्यात नीट मिळतील. पण सासऱ्यांच्या कपाटात 'कला विहार'चे जुने अंक असणार, नाहीतर ते एवढ्या ठामपणे बोलले नसते. ते बाहेर काढा. रोज रात्री एक लेख त्यांनाच नातीला वाचून दाखवायला सांगा. नवी वर्गणी भरायची तर विशारदला भरा, तेव्हा तिचं तीच ठरवेल.

आणि बाकीच्या मंडळींनो, घरात आजोबांचे, काकांचे या दोनपैकी कोणत्याही मासिकाचे जुने अंक पडले असतील, विशेषतः हाथरसचे विशेषांक किंवा देवधर संपादक असतानाचे, तर दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याला देऊ नका. मला मेसेज करा. अंबरनाथ-बदलापूर असेल तर मी स्वतः स्कूटरवर येऊन घेऊन जातो, उल्हासनगरला असेल तर कॅम्प नंबर सांगा. वाचनालयात पोचवून पावती तुमच्या नावाने देईन.